खिशातला कांदा आणि चौथा रॅमसीस

लक्सर शहरात नाईलच्या पूर्वेला जिवंत माणसे राहतात आणि पश्चिमेला मेलेली. सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो, एवढ्यावरून साडेतीन हजार वर्षांपूर्वी ही वाटणी झाली. ती अजून बऱ्यापैकी पाळली जाते: मोठी हॉटेले पूर्वेला, थडगी पश्चिमेला. मे महिन्यात इथला पारा दुपारी चाळिशीच्या आसपास जातो, पाऊस वर्षभरात जवळजवळ शून्य. म्हणूनच उन्हाळ्यात सहली स्वस्त मिळतात, आणि म्हणूनच नागपूरचे सहा जणांचे कुटुंब नेमके तेव्हा तिथे पोचते. "आपल्याकडे पंचेचाळीस असतं" हे वाक्य विमानतळावर एकदा, हॉटेलच्या दारात एकदा आणि नंतर दर अर्ध्या तासाने उच्चारले जाते. दुपारी बारानंतर त्याचा आवाज बारीक होतो.

प्राचीन इजिप्शियन आणि मराठी कुटुंब यांच्यातले मुख्य साम्य सामान बांधण्याच्या पद्धतीत आहे. जिथे चाललो आहोत तिथे खायला काही मिळणार नाही, यावर दोघांचीही श्रद्धा असते. हॉवर्ड कार्टरला १९२२ साली तरुण राजा तुतानखामुनचे थडगे सापडले, त्यात पाच हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. रथ, घडीचा पलंग, सव्वाशेच्या वर काठ्या, मांसाने भरलेले ४८ लाकडी डबे. शिवाय धणे आणि मेथीदाणे. दारूच्या रांजणांवर राज्यवर्ष, मळ्याचे नाव आणि दारू करणाऱ्याचे नाव लिहून ठेवलेले होते. हे सगळे नोंदवून बाहेर काढायला सुमारे दहा वर्षे लागली. त्या मानाने कुटुंबाच्या बॅगेतून चार्जर शोधायला लागणारी वीस मिनिटे काहीच नाहीत. याही बॅगेत दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, रव्याचे लाडू, थर्मासमध्ये पन्हे आणि एक स्टीलचा डबा असतो. डब्याचे झाकण चिकटपट्टीने बंद केलेले असते आणि वर स्केचपेनने लिहिलेले असते: "चिवडा. कमी तिखट." तुतानखामुनच्या मेथीचे गाइडकडून कळले, की आजींना त्या मुलाबद्दल प्रथमच आपुलकी वाटते. अठरा-एकोणीस वर्षांचा होता म्हणतात; त्याच्याबरोबर कोणीतरी नीट सामान दिले होते, एवढे त्यांना पुरते.

दिवसाची सुरुवात पहाटे साडेचारला होते. ऊन टाळण्यासाठी सहाला निघायचे ठरलेले असते आणि अंघोळींचा क्रम लावता लावता पावणेआठ होतात. नाईलवरचा पूल शहराच्या दक्षिणेला असल्यामुळे बस लांबचा वळसा घालून पलीकडे जाते. आकाशात उडणारे फुगे पाहायचे राहून जातात. ते पहाटेच उतरलेले असतात.

व्हॅली ऑफ द किंग्जमध्ये झाड नावाची गोष्ट नाही. पिवळट-तांबूस डोंगर, वर निसर्गानेच घडवलेले पिरॅमिडसारखे शिखर आणि खाली साठाहून अधिक थडगी. दारातल्या तपासणीत आजोबांच्या सदऱ्याच्या खिशातला कांदा यंत्राच्या पडद्यावर गोल दिसतो. विदर्भात उन्हात बाहेर पडताना खिशात कांदा ठेवतात, हे इशाऱ्यांनी समजावणे अवघड आहे. पहारेकरी कांदा हातात घेतो, "बसल" म्हणतो, हसतो आणि परत देतो. अरबीत कांद्याला बसल म्हणतात. दिवसभरात एवढा निकोप सांस्कृतिक संवाद पुन्हा होत नाही.

साध्या तिकिटात तीन थडगी पाहता येतात. कोणती, हे इतिहासाच्या पुस्तकात महत्त्वावरून ठरते आणि कुटुंबात गुडघ्यांवरून. तिसऱ्या थुतमोसचे थडगे उंच कपारीत आहे. आधी लोखंडी जिना चढायचा, मग आत तेवढेच उतरायचे. मोठा पराक्रमी राजा, पण पहिल्याच फेरीत बाद. तुतानखामुनला वेगळे तिकीट पडते. ते सहाने गुणले, रुपयांत केले आणि थडगे लहान असून सामान सगळे कैरोला गेले आहे हे लक्षात घेतले, की बारावी झालेल्या मुलीला कुटुंबाची प्रतिनिधी म्हणून एकटीला आत पाठवण्याचा ठराव होतो. ममी मात्र अजून तिथेच आहे. मुलगी बाहेर येऊन "काळा पडलाय आणि एसीत आहे" असा अहवाल देते.

एकमताने निवडले जाते ते चौथ्या रॅमसीसचे थडगे, कारण ते दारापासून जवळ आहे आणि आत सरळ उतार आहे. कमी श्रमात इतके काही देणारे थडगे या दरीत विरळाच. छतावर आकाशदेवता नूत पसरलेली आहे. ती संध्याकाळी सूर्याला गिळते आणि पहाटे पुन्हा जन्म देते. भिंतींवर ग्रीक आणि रोमन काळातल्या पाहुण्यांनी आपापली नावे शेकड्यांनी कोरून ठेवली आहेत. गडावर नावे कोरणाऱ्यांना आयुष्यभर शिव्या घालत आलेले आजोबा इथे मात्र तीच अक्षरे चष्मा पुसून पुसून पाहतात, कारण त्यांना दोन हजार वर्षे झाली आहेत. चित्रलिपी उलगडणारा शांपोलियाँ १८२९ साली आपल्या सोबत्यांसह याच थडग्यात मुक्कामाला होता. या थडग्याचा चौथ्या रॅमसीसच्याच काळात काढलेला आराखडाही पपायरसवर शिल्लक आहे, तो आता इटलीत ट्युरिनच्या संग्रहालयात असतो. खोल्यांची मापे त्यावर हातांच्या हिशेबात लिहिली आहेत. हे ऐकून बाबांना आपल्या फ्लॅटचा कार्पेट एरिया आठवतो आणि ते थोडे गप्प होतात.

तेवढ्यात गाइड सांगतो, की चौथ्या रॅमसीसची ममी तपासली तेव्हा डोळ्यांच्या खोबणीत डोळ्यांऐवजी दोन छोटे कांदे सापडले. आजोबा काही बोलत नाहीत. फक्त खिसा चाचपतात आणि आजींकडे पाहतात. कांद्याने ऊन लागत नाही हे सिद्ध झालेले नाही. पण मेल्यानंतर रॅमसीसला ऊन लागल्याचीही कुठे नोंद नाही.

थडग्यात उकडते. एक रखवालदार पुठ्ठ्याचा तुकडा वारा घ्यायला देतो आणि मग हात पुढे करून "बक्षीस" म्हणतो. शब्द फारसीतून दोन्हीकडे गेला, वाटेत अर्थ पांगला. चौथीतल्या मुलाच्या माहितीप्रमाणे बक्षीस धावण्याच्या शर्यतीत मिळते, त्यामुळे या काकांचा नंबर कितवा आला, असे तो विचारतो. दिवसभर चाळिशीत उभ्या असलेल्या माणसाने मागितले यात वावगे काही नाही. पण बाबा सुटे पैसे नाहीत म्हणतात आणि आई त्यांच्याच पाकिटातून काढून देते.

हात्शेप्सूतच्या देवळाशी पोचेपर्यंत अकरा वाजलेले असतात. उभ्या कड्याच्या पायथ्याशी तीन मजल्यांसारखे तीन चौथरे आणि मधून रुंद चढण; सावली फक्त खांबांच्या ओळींत. हात्शेप्सूत स्वतः फॅरो झाली, वीसेक वर्षे राज्य केले आणि पुतळ्यांत रिवाजाप्रमाणे खोटी दाढी लावून उभी राहिली. तिच्या मागून आलेल्या तिसऱ्या थुतमोसने, म्हणजे तिच्या सावत्र मुलाने, पुढे तिची चित्रे खरवडून काढली. घरगुती मालिकांची सवय असलेल्या आजींना या प्रकरणात काहीही समजावून सांगावे लागत नाही. आई पुंट देशाच्या मोहिमेचे चित्र धरून बसते. त्यात गलबते आहेत, पुंटची भली लठ्ठ राणी आहे, आणि मुळांसकट टोपल्यांत घालून आणलेली गंधरसाची झाडे आहेत. कुठेही गेले तरी तिथले एखादे रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचे, हा रोग इतका जुना आहे हे पाहून तिला बरे वाटते.

आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांचे खरे देवस्थान देर अल-मदिना आहे. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर या वस्तीत राहत. त्यांची हजेरी दगडाच्या तुकड्यांवर लिहिलेली सापडली आहे. दुसऱ्या रॅमसीसच्या चाळिसाव्या वर्षातला असा एक मोठा तुकडा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गैरहजेरीची कारणे त्यात नावानिशी दिली आहेत: डोळे आले, विंचू चावला, आईचे उत्तरकार्य, बिअर करायची होती. तिसऱ्या रॅमसीसच्या एकोणतिसाव्या वर्षी धान्याचा पगार थकला, तेव्हा याच लोकांनी काम टाकून देवळांपाशी ठिय्या दिला. नोंद असलेला हा सर्वांत जुना संप समजला जातो. आजोबा पाणी न मागता वीस मिनिटे उन्हात उभे राहून हे ऐकतात. विंचवाचे कारण त्यांनी स्वतः कधी वापरले नव्हते, एवढीच त्यांची खंत.

त्यानंतर बस अलाबास्टरच्या दुकानापाशी थांबते, कारण ती थांबतेच. इथे आजी भाव करतात. नागपूरच्या बर्डी बाजारात चाळीस वर्षे घडलेली ती विद्या आहे. भाषा लागत नाही, फक्त दाराकडे चालू लागावे लागते. हिरव्या दगडाचा एक मांजर-देव अखेर निम्म्याहून कमी किमतीत मिळतो, आणि दोन्ही पक्ष समाधानी असतात. पैकी दुकानदार जरा जास्तच.

मेम्नॉनचे पुतळे सर्वांत शेवटी येतात. तिसऱ्या आमेनहोतेपच्या या बैठ्या मूर्ती सुमारे १८ मीटर उंच आहेत. इ.स.पू. २७ मधल्या भूकंपात उत्तरेकडची मूर्ती तडकली, आणि पुढे पहाटे तिच्यातून सूर निघू लागला. तो ऐकायला रोमन सम्राट हेड्रियन इ.स. १३० मध्ये बायकोला घेऊन आला होता. पहिल्या दिवशी मूर्ती गप्प राहिली. नंतर कोणीतरी डागडुजी केली आणि ती कायमची गप्प झाली. दुपारी दीड वाजता तिच्याकडून कोणाचीच अपेक्षा नसते. तिघे खाली उतरतात, एक फोटो निघतो, बसचे दार बंद होते.

जेवण रस्त्याकडेच्या हॉटेलात होते. कोशारी येते: भात, मसूर, मॅकरोनी, छोले आणि वर तळलेला कांदा. आजी तिला खिचडी म्हणतात आणि दोनदा घेतात. सोबत कर्कदे, म्हणजे लाल अंबाडीच्या फुलांचे सरबत. दशम्यांची आठवण कोणालाच होत नाही.

अडीचला खोलीचा एसी सोळावर जातो. आई बॅग रिकामी करते. पन्हे संपलेले असते, लाडू दोन उरलेले. आजोबांचा कांदा टेबलावर मांजर-देवाशेजारी ठेवला जातो. स्टीलच्या डब्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी असते, आणि उद्या कर्नाकची देवळे पाहायची असल्यामुळे डबा परत बॅगेच्या तळाशी जातो.