घाटाचा राजा, मुक्काम मिशिगन

कॅन्टन, मिशिगन
रविवार, रात्री साडेदहा

ती. आण्णा आणि आई,

सुहास फोनवर बोलतो तेव्हा सगळंच शर्यतीच्या वेगाने येतं आणि खरं काय झालं ते कळत नाही, अशी आण्णांची तक्रार पोचली. म्हणून हा लेखी वृत्तान्त. पेपरातल्या बातमीसारखा वाचता यावा म्हणून त्यात ‘मी’ ठेवलेला नाही. वार्ताहर घरातलीच आहे आणि तिची भांडी अजून सिंकमध्ये आहेत, एवढं सोडलं तर ती निःपक्षपाती आहे.

तर मुख्य बातमी. आज सकाळी एका प्रचंड रिकाम्या पार्किंगमध्ये, नारिंगी कोन मांडून आखलेल्या वाटेवर, तुमच्या चिरंजीवांनी आपली ऑफिसला न्यायची गाडी जिवाच्या आकांताने पळवली आणि एका आजीबाईंच्या मागे राहिले.

गाडी तीच, २०१२ची फोर्ड मस्टँग जीटी. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, ४१२ हॉर्सपॉवर, वजन साडेसोळाशे किलोच्या आसपास. असल्या गाड्यांना इथे मसल कार म्हणतात. १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात पहिली मस्टँग लोकांपुढे आली, तेव्हापासून अमेरिकेतल्या अनेक सज्जन माणसांच्या घरखर्चाचा ताळमेळ बिघडला. सुहासची गाडी घरापासून अर्ध्या तासावरच्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यात तयार झालेली. तिच्यावर टीका केली की तो म्हणतो, गावातली आहे, आपण नाही सांभाळायची तर कोणी?

कोनांमधून गाडी पळवायच्या या खेळाला ऑटोक्रॉस म्हणतात. नाव ऐकून आई घाबरतील, पण मंचर-जुन्नरकडच्या माणसाला तो पाच मिनिटांत कळेल. आपल्या घाटात बैलगाडा एकटाच सुटतो, शेजारी दुसरा गाडा नसतो आणि लढत असते ती घड्याळाशी, इथेही तसंच. एका वेळी एकच गाडी सोडतात, एकाच्या अंगावर दुसरा जायचा प्रश्नच नाही. दिवसातला सगळ्यांत कमी वेळ लावणारा तो घाटाचा राजा. फरक इतकाच, की इथे सरळ पळायला वाव नाही. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, मध्ये नागमोडी, आणि हे सगळं जेमतेम मिनिटभरात. मस्टँग पहिल्या गिअरमध्ये सुटते, दुसऱ्यात पडते आणि शेवटपर्यंत दुसऱ्यातच राहते, कारण तिचा दुसरा गिअरच ताशी ११० किलोमीटरपर्यंत जातो आणि त्या मैदानात तेवढा वेग येतो कुठे! म्हणजे सहा गिअरचे पैसे मोजून दीड गिअर वापरायचा.

कोन पाडला तर दोन सेकंद दंड. नुसता सरकला तरी प्रश्न येतो. प्रत्येक कोनाच्या तळाभोवती जमिनीवर चौकट आखलेली असते. कोन उभा राहिला आणि चौकटीला टेकून असला तर माफ. आडवा झाला किंवा चौकटीबाहेर गेला की दंड. निकालात दोन नंबरांमधला फरक कधी सेकंदाच्या दहाव्या भागाचा असतो, तेव्हा दोन सेकंद म्हणजे थेट यादीच्या तळाशी. वाट चुकली तर ती फेरी मोजतच नाहीत.

हे सारं चालवणारी संस्था आहे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, १९४४ची. नियमांचं पुस्तक जाडजूड. कोणती गाडी कोणत्या गटात, त्या गटात काय बदललेलं चालेल, काय नाही, सगळं कलमवार. सुहास ‘स्ट्रीट’ प्रकारात उतरतो, म्हणजे गाडी जवळजवळ शोरूममधून आली तशीच हवी. आता या माणसाने आयुष्यात वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक उघडलेलं नाही. पण हे पुस्तक उशाशी असतं, आणि त्यात तळटिपाही पेन्सिलने केलेल्या आहेत.

सुरुवातीला त्याची खरेदीची यादी वेगळीच होती. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, हवा जास्त ओढणारा फिल्टर, इंजिनच्या कंप्युटरची नवी ‘ट्यून’. थोडक्यात, ज्या गाडीला ४१२ घोडे आवरत नाहीत तिला आणखी तीस घोडे. घरात अर्थसंकल्प ठरला होता हंगामाला दोन हजार डॉलर, आणि ही यादी तेवढ्यात बसत नव्हती. वाचवलं ते नियमांनी. ट्यून केली की गाडी ‘स्ट्रीट’मधून उचलून वरच्या, जास्त खर्चिक गटात टाकतात. तिथे लोक मागची सीटही काढून येतात. सायलेन्सरला परवानगी होती, पण मैदानावरच्या एका जुन्या खेळाडूने मस्टँगला प्रदक्षिणा घातली, टायरांवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय आहे? बारमाही टायर होते. तो काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटलं. सायलेन्सर यादीतून गेला.

टायरचं असं आहे, आण्णा. इथे टायरच्या बाजूवर ‘ट्रेडवेअर’ नावाचा एक आकडा असतो. तो जितका मोठा, तितका टायर साधारणपणे जास्त टिकतो. बारमाही टायरला पाचशे-सहाशेही असतो. ‘स्ट्रीट’मध्ये कमीत कमी दोनशे हवा, त्याखाली चालत नाही, म्हणून सगळी जाणकार मंडळी बरोबर दोनशेवरच येऊन थांबतात. हे टायर मऊ, चिकट. वळणावर जमीन सोडत नाहीत आणि खिशातही काही सोडत नाहीत. चार टायरांना हजार डॉलर लागले. आईंनी याचे रुपये करू नयेत.

शिवाय ते रोज ऑफिसला नेले तर एका उन्हाळ्यात संपतील, आणि मिशिगनच्या थंडीत तसलं रबर लाकडासारखं कडक होतं, गोठणबिंदूखाली तडकायचीही भीती. म्हणून कोणीतरी हौसेने काढून टाकलेली मस्टँगचीच मूळ चाकं तीनशे डॉलरला जुनी आणली आणि नवे टायर त्यांच्यावर चढवले. आता गॅरेजमध्ये, जिथे गणपतीचं मखर आणि लोणच्याच्या बरण्या असत, तिथे चाकांचे मनोरे आहेत. शर्यतीच्या दिवशी ती चाकं मैदानावर न्यायची म्हणजे दोन डिकीत, एक मागच्या सीटवर आणि एक ड्रायव्हरशेजारी, वार्ताहराच्या जागेवर. त्या टायरला सीटबेल्टही लावावा लागतो, नाहीतर गाडीला वाटतं की माणूस पट्टा न लावता बसलाय, आणि ती मैदानापर्यंत टुंगटुंग वाजत राहते. वार्ताहर आणि कन्या मागून घरच्या दुसऱ्या गाडीतून, कॅमरीतून जातात.

पुढची खरेदी आण्णांना आवडेल: पांढरं बूटपॉलिश. शाळेत पीटीच्या कॅनव्हासच्या बुटांना लावायचं तसलंच. टायरच्या कडेला बारीक त्रिकोण असतात, त्यांच्यावर हे पॉलिश फासायचं. फेरी मारून आलं की बघायचं, पॉलिश कुठपर्यंत घासलं गेलंय. त्रिकोणाच्या पलीकडे गेलं तर टायर वळणावर कडेवर लोळतोय, हवा भरा. अलीकडेच राहिलं तर हवा थोडी सोडा. पूर्ण हंगामातली सगळ्यांत उपयोगी वस्तू चार डॉलरची निघाली. टायर तापले की त्यांच्यावर पाणी मारायचा फवारा मात्र विकत आणलेला नाही. तो वार्ताहराच्या कढीपत्त्याच्या कुंडीचा आहे आणि तो परत आलेला नाही.

मग सस्पेन्शन. ‘स्ट्रीट’मध्ये शॉकॲब्सॉर्बर बदलता येतात आणि पुढचा किंवा मागचा, एकच अँटीरोल बार. स्प्रिंगला हात लावायचा नाही, हे बरंच झालं. गाडी खाली बसवली असती तर इथल्या खड्ड्यांत मार्चपर्यंत तिचं नाक उरलं नसतं. (हो, इथेही खड्डे असतात. बर्फ वितळला की रस्त्यांचं रूप बघून आळेफाट्याची आठवण येते.) सुहासने घट्ट-सैल करता येणारे शॉक घेतले आणि पुढचा बार जाडा घेतला. जाडा बार गाडीला वळणावर फार झुकू देत नाही, आणि त्यामुळे मागचं आतलं चाक जमिनीवर टेकून राहतं. नाहीतर ते हलकं होऊन जागच्या जागी फिरतं आणि सगळी ताकद धुरात जाते.

ते काम कसं झालं ते आण्णांना माहीतच आहे, कारण व्हिडिओ कॉलवर एसटीच्या नारायणगाव आगारातला त्यांचा वर्कशॉप पुन्हा उघडला होता. “नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरतोस? आधी घोडी लाव!” हे वाक्य पलीकडच्या घरापर्यंत गेलं. तिथला मुलगा घाबरून विचारायला आला होता.

मस्टँगचा मागचा ॲक्सल पाहून आण्णा खूश झाले, ते बरोबरच होतं. २०१४च्या मॉडेलपर्यंत फोर्डने मागे एसटीसारखा अख्खा, एकसंध ॲक्सल ठेवला होता. २०१५पासून दोन्ही चाकं स्वतंत्र केली. अख्ख्या ॲक्सलचं दुखणं असं, की वळणात एक चाक उंचवट्यावर गेलं की दुसऱ्यालाही ते कळतं आणि गाडीची शेपटी उडी मारते. मजबुती मात्र भरपूर. काँक्रीटच्या सांध्यांवरून जाताना सुहासच्या तोंडून जे शब्द येतात ते पत्रात लिहिता येत नाहीत, पण त्यातले दोन आगारातलेच आहेत.

आता आजची हकिगत. सकाळी सातला तपासणी. बॅटरी हलते का, चाकांचे नट आवळलेत का, ब्रेकचं पेडल पायाखाली टणक आहे का, हेल्मेटवर स्नेलचं सुरक्षा-प्रमाणपत्राचं लेबल आहे का. आणि मुख्य अट: गाडीत सुटी वस्तू एकही नको, ड्रायव्हरच्या पायाखालची मॅटसुद्धा काढायची. डिकीतून निघालं ते असं: बासमतीची अर्धी गोणी, दोन घडीच्या खुर्च्या, मराठी शाळेची बाराखडीची पाटी, लेझीम, आणि दिवाळीपासून हरवलेला चकलीचा सोऱ्या. तपासनिसाने मग डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे बोट करून विचारलं, हे पक्के बसवलेत का? दुहेरी टेप होती. त्याने आदराने हलवून पाहिलं आणि बाप्पा हातात आले. ते दिवसभर टाइमिंगच्या टेबलावर बसले, आणि तिथल्या बाईंनी त्यांच्यापुढे एक डोनट ठेवला.

गाडी चालवण्याआधी वाट पायी फिरून पाठ करायची असते. आणि नुसतं पळवून घरी येता येत नाही. प्रत्येकाला एक पाळी मैदानात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले कोन पळत जाऊन उभे करावे लागतात. घरी स्वतःचं ताट न उचलणारा माणूस तिथे उन्हात परक्यांचे कोन उचलतो. वार्ताहराने फोटो काढून ठेवला आहे.

आजीबाईंची गाडी १९९०च्या दशकातली छोटी माझदा मियाटा. वजन हजार किलोच्या थोडं वर, ताकद मस्टँगच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत. त्या निवांत आल्या, हेल्मेटखाली केसांची पिन नीट केली आणि सुहासपेक्षा तीन सेकंद आधी पोचल्या. सुहासचं म्हणणं, हलकी गाडी, वळणार नाही तर काय! ते खरंच आहे. म्हणून तर गट वेगळे असतात. हे त्याने त्यांच्याही समोर बोलून दाखवलं. आजीबाई म्हणाल्या, बरं, मग तुझी किल्ली दे.

त्याला शेजारी बसवून त्यांनी मस्टँग चालवली. तेच टायर, तेच शॉक, तीच हवा, वर सुहासचं वजन जादा, आणि वेळ त्याच्यापेक्षा दोन सेकंदांनी कमी. उतरल्यावर त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, तू ज्या कोनाला घाबरतोस त्याच्याकडेच बघत राहतोस, म्हणून त्यालाच जाऊन लागतोस. नजर पुढच्याच्या पुढच्या कोनावर ठेव. दोन, वळण संपायच्या आधी ॲक्सिलरेटरवर उभा राहू नकोस. या गाडीत ताकद भरपूर आहे, ती मागायची घाई नको. शेवटच्या फेरीत सुहासने हे ऐकलं आणि त्याचा वेळ सव्वा सेकंदाने खाली आला. एक कोन मात्र गेला. तो शेवटचा होता आणि त्याच्या पुढे बघायला दुसरा कोन नव्हता, असा त्याचा बचाव.

हिशेब: टायर हजार, जुनी चाकं तीनशे, शॉक सहाशे, बार अडीचशे, हेल्मेट अडीचशे, पॉलिश चार. प्रवेश फी दर वेळी पन्नासच्या आसपास, ती वेगळी. दोन हजारांचा अर्थसंकल्प केव्हाच ओलांडला गेला असून पुरवणी मागणी आज जेवताना मांडली गेली. त्यात पुढच्या चाकांचा वरचा भाग आत कलवून घ्यायचं अलाइनमेंट आहे आणि एक दिवसाचा शिकवणी वर्ग. वर्गाला मंजुरी मिळाली. अलाइनमेंट समितीकडे गेलं आहे. समितीत वार्ताहर एकटीच आहे.

राष्ट्रीय स्पर्धा सप्टेंबरमध्ये नेब्रास्कातल्या लिंकनला, जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर असते. हजाराहून जास्त स्पर्धक येतात. इथून बाराशे किलोमीटरहून जास्त, आणि बहुतेक ऐन गणपतीत. सुहासने ‘नुसतं बघायला’ असं म्हणून पाहिलं. मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात तो या वर्षी फौजदार आहे, एवढंच त्याला सांगण्यात आलं.

तुमची तिकिटं जूनची निघाली हे उत्तम. विमानतळावर घ्यायला कॅमरीच येईल. मस्टँगच्या मागच्या सीटवर आईंचे गुडघे मावणार नाहीत. आण्णांना मैदानावर यायचं असेल तर गेटवर एका कागदावर सही करावी लागते, आणि हेल्मेट उसनं मिळतं, म्हणजे शेजारी बसून एक फेरीही मारता येईल. तेव्हा बंद बूट आणा. कोन उचलायला उभं राहायचं तर चपला चालत नाहीत. आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या सहा महिन्यांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. काळा मसाला दोन किलो, दुहेरी पिशवीत.

तुमची सून,
मृणाल

ता. क. सुहास विचारतोय, आगारात शॉक तपासताना तुम्ही बस हाताने दाबून किती हेलकावे मोजायचे? उत्तर फोनवर देऊ नका, लिहून पाठवा. फोनवर दिलंत तर तो लगेच गॅरेजमध्ये जाईल, आणि इथे आता रात्रीचे अकरा वाजलेत.