गडग्यावरचं उलटीपुराण

"काय गो, सकाळपासून नुसत्या चादरी वाळत घालत्येस. बाळ्याला परत सुरू झालं वाटतं?"

शेजारच्या काकूंना तपासासाठी आमची दोरी पुरते. सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण आळीतल्या पोरांच्या तापाचं, खोकल्याचं नि पोटाचं हजेरीपुस्तक अजून त्यांच्याच ताब्यात आहे. नारळाच्या झावळ्या ओढायचं निमित्त करून त्या गडग्याला येऊन टेकल्या.

"हो ना काकू. काल तिन्हीसांजेला जरा कणकण होती. रात्री दूध प्यायला नि भडाभडा काढलं. तेव्हापासून जे आत जाईल ते बाहेर. याचं दर आजारपणात हेच. घसा धरलेला असो नाहीतर पोट बिघडलेलं, उलट्या ठरलेल्या."

"उलटी झाली की तुझ्या सासूबाई काय देतात?"

"पोट रिकामं झालं म्हणून वाटीभर पेज."

"आणि नवरा?"

"पाणी. पोराचं सुकलेलं तोंड बघवत नाही त्यांना. आणि तोही पेला हिसकावून घेतो नि गटागटा पितो."

"नि ते सगळं पाच मिनिटांत चादरीवर! अगो, तुमच्याकडे उलटीपेक्षा मायेची घाई जास्त. पोट आधीच चिडलेलं, त्यात पेलाभर ओतलं की ते परत फेकणारच. उलटी झाली की दहा मिनिटं काही म्हणजे काही द्यायचं नाही. मग चहाचा चमचा घ्यायचा. एका वेळी एकच, दर दोन मिनिटांनी."

"एवढ्याशानं काय होणार?"

"हिशेब कर. चमच्यात पाच मिली. तासाचे झाले तीस चमचे, म्हणजे दीडशे मिली. पाऊण पेला गेला की नाही पोटात? आणि पोटाला पत्ता नाही."

"मध्येच परत काढलं तर?"

"काढू दे. पुन्हा दहा मिनिटं थांब, पुन्हा चमचा, जरा आणखी सावकाश. सगळंच पडलं असं आपल्याला वाटतं, पण थोडं आत मुरलेलं असतं. फक्त साधं पाणी नको, ओआरएस दे. उलटीबरोबर मीठही जातं ना."

ओआरएसचं नाव निघाल्यावर काकूंनी मान वळवून वरच्या आळीकडे बघितलं नि आवाज खाली आणला.

"त्या वहिनींनी मागे काय केलंन माहित्ये? नातवाला जुलाब-उलट्या, नि दुकानातून आणलंन खोक्यातलं संत्र्याच्या चवीचं गोड पाणी. वर ठळक अक्षरात ओआरएस! साखर इतकी की जुलाब वाढले. हैदराबादच्या एक मुलांच्या डॉक्टरीणबाई या प्रकाराविरुद्ध वर्षानुवर्षं भांडत होत्या. शेवटी २०२५च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षावाल्यांनी असल्या पेयांवर ते नाव छापायला मनाई केलीन. आपण औषधाच्या दुकानातली पूड घ्यायची, डब्ल्यूएचओचं प्रमाण लिहिलेली. मोठी पुडी लिटरभर पाण्यात, छोटी दोनशे मिलीत. अर्धी आज, अर्धी उद्या असली काटकसर नको. मिठाचं प्रमाण चुकलं तर पोराला बाधतं. आणि कालवलेलं चोवीस तासांनी ओतून द्यायचं."

"रात्री-बेरात्री पुडी नसली तर?"

"उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा तोच, चहाचा. आधी आपण चाखायचं. आसवांपेक्षा खारट लागलं तर टाकून नवीन करायचं."

एवढ्यात ओटीवरून सासूबाईंचा आवाज आला, "मी सांगत्येय ना, दृष्ट लागल्येय! परवा लग्नात सगळ्यांनी उचलून घेतलंनी त्याला."

"काढा हो दृष्ट, खुशाल काढा!" काकू इकडूनच ओरडल्या. "लग्नात शंभर हात लागले, तेव्हा काहीतरी लागलंच असणार! पण ओवाळून झालं की त्यातलं मीठ चुलीत, नि डब्यातलं मीठ पोराच्या पाण्यात!"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या सासूबाईंचं सगळंच टाकाऊ नाही हं. साळीच्या लाह्यांचं पाणी त्यांना छान जमतं, ते चालेल थोडं थोडं. फक्त वाटी तोंडाला लावू देऊ नकोस."

मी जरा घुटमळत विचारलं, "काकू, सकाळी त्याच्या तोंडाला पिकल्या केळ्यासारखा वास येत होता. तो कसला?"

"उपासाचा. पोराच्या अंगात साखरेचा साठा तो केवढा! रात्रभर पोटात काही ठरलं नाही की शरीर चरबी जाळायला घेतं. त्यातून कीटोन तयार होतात, त्यांचा तो वास. ते वाढले की मळमळ वाढते, मळमळलं की पोर खात नाही, नि खाल्लं नाही की ते आणखी वाढतात. म्हणून तर तापात याचं थांबता थांबत नाही. चमच्यातली थोडी साखर तिथंच उपयोगी पडते. पण पोर धापा टाकायला लागलं, किंवा गेले काही दिवस सारखं पाणी पीत नि सारखं शू करत असलं, तर डॉक्टरकडे नेऊन रक्तातली साखर तपासायची. लहानपणीचा मधुमेह कधीकधी असाच उघडकीला येतो."

"दर खेपेला असंच होतं, त्याचं काय?"

"वहीत लिहून ठेव. तारीख, ताप होता का, किती वेळ चाललं, आदल्या दिवशी काय झालं होतं. माझ्या पुतणीच्या मुलाला ताप नसतानाही व्हायचं. पहाटे उठून ओकायचा, मधले महिने अगदी ठणठणीत. वही बघून डॉक्टरांनी ओळखलंन, सायक्लिक व्हॉमिटिंग. अर्धशिशीचं भावंड म्हणतात त्याला, नि पुतणीला अर्धशिशी आहेच. बाळ्याचं तसं दिसत नाही, पण वही डॉक्टरांना दाखव. आणि मागच्या खेपेची उरलेली उलटीची बाटली काढू नकोस हो. ते औषध पोराच्या वजनावर ठरतं, ते त्यांनीच ठरवायचं."

"आणि न्यायचं कधी?"

काकूंनी झावळी खाली ठेवली. आवाजातली गंमत गेली.

"हिरवी उलटी झाली किंवा रक्त दिसलं तर लगेच. पोट ताठलं, मान आखडली, डोक्यावर पडल्यानंतर ओकायला लागला, हाक मारली तरी नीट बघत नाही, तर घड्याळही बघायचं नाही. सहा-आठ तास शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेले, पोटाचा चिमटा सोडल्यावर कातडी सावकाश बसत्येय, तर पाणी आटलंय. चमचासुद्धा पोटात ठरत नसला तरी न्यायचंच. आणि अंगावर पिणारं पोर असलं तर त्याला उलट्या झाल्या म्हणून आईचं दूध तोडायचं नाही. वरच्या आळीत तेही करून झालंय."

मी म्हटलं, "एवढं सगळं चमच्यावर?"

"चमच्याला हसू नकोस. १९७१ साली बांगलादेशातून लोंढे आले, तेव्हा बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं पटापट जात होती. सलाईन संपत आलं. डॉक्टर दिलीप महालनबीस म्हणून होते, त्यांनी मीठ, खायचा सोडा नि ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवलंन नि नातेवाइकांच्या हातात पेले दिलेन. शंभरातले पंचवीस-तीस जायचे, ते चाराच्याही खाली आले. तेव्हा मोठमोठे डॉक्टर नाकं मुरडत होते म्हणे. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ला, ते गेल्यावर. तिथं पाजणाऱ्या आया-मावश्याच होत्या गो, नर्सा कुठून आणायच्या एवढ्या?"

"मग पेज कधी द्यायची?"

"तीन-चार तास उलटी नाही नि स्वतःहून मागतोय, तेव्हा मऊ भात, पेज, ताकाचे दोन घोट. मागितलंन तेवढंच. बरं, आत्ता चमचा कोणाच्या हातात आहे?"

"सासूबाईंच्या. तुमचं ऐकून घड्याळ समोर घेऊन बसल्यात."

"त्या पाळतील दोन मिनिटं?" काकूंना खात्री नव्हती. त्यांना मग लग्नाच्या जेवणावळीची हकिगत ऐकायची होती, मठ्ठा खरंच आंबला होता का वगैरे. मी सुरुवात करणार तोच ओटीवरून खणखणीत आवाज आला, "अगो, तुझा नवरा परत पेला घेऊन आलाय! सांग त्याला, अजून चाळीस सेकंद आहेत!"