आल्डोंच्या डोक्यातलं

प्रत्येक कारखान्यात एक माणूस असा असतोच, की ज्याच्या निरोप समारंभात मॅनेजरच्या डोळ्यांत खरोखरीचं पाणी येतं. प्रेमापोटी नव्हे, उद्या यंत्र अडलं तर फोन कोणाला लावायचा, या काळजीपोटी.

अमेरिकेतल्या कॅम्पबेल सूप कंपनीत ते मानकरी होते आल्डो चिमिनो. डबाबंद सूप निर्जंतुक करणाऱ्या अवाढव्य कुकरांचे वैद्यबुवा. आपल्या कुकरशी या धुडांचं नातं फक्त नावापुरतं. इथे शिट्टी नाही, झाकणही नाही. डबे साखळीवरून पाण्याच्या उंच स्तंभातून खाली उतरतात, १२१ अंशांच्या आसपासच्या वाफेत फिरतात आणि पलीकडच्या स्तंभातून वर निघतात. वाफेला कोंडून धरतं ते जवळपास दहा मीटर पाण्याचं वजन. साखळी मध्येच अडली, की आतले डबे शिजले, करपले की कच्चे राहिले, हे कोण सांगणार? आल्डो.

१९८०च्या दशकात त्यांची निवृत्ती जवळ आली, तेव्हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची मंडळी त्यांच्या डोक्यातलं संगणकात उतरवून घ्यायला बसली. ते संवाद मी मनाशी रंगवत असतो.

"कुकर बिघडला की आधी काय करता?"

"बघतो."

"काय बघता?"

"कुकर."

मग हळूहळू गाठ सुटत जाते. तापमान कमी दिसतंय? आधी वाफेवर संशय घ्यायचा की तापमापीवर? अमुक असेल तर तमुक, नसेल तर पुढे चला. अशी खरवड काढत काढत शेवटी नियम निघाले १५१. उभ्या नोकरीचा ऐवज, आणि आकडा गणपतीच्या वर्गणीचा!

असली 'तज्ज्ञ प्रणाली' नुसती बिघाड शोधते असं नाही, मांडणीही आखते. डीईसी कंपनीची 'एक्सकॉन' १९८०पासून ग्राहकाची ऑर्डर तपासून व्हॅक्स संगणकाची जुळणी ठरवायची: कुठला भाग कुठे बसेल, कुठली केबल लागेल. विक्रेता केबल लिहायला विसरला, तर ती आठवणीने घालायची. पण कंपनी नवनवे भाग काढत राहिली आणि नियमांची संख्या हजारांत गेली. ते नियम सांभाळायला पुन्हा माणसं बसवावी लागली. म्हणजे तज्ज्ञाची सोय करता करता तज्ज्ञांचं अख्खं खातंच उघडलं.

त्या मानाने आल्डोंचं बरं. कुकर काही दर सहा महिन्यांनी नवं मॉडेल काढत नाही.