भाऊसाहेब अजून बघतायत

खरं नाव सांगण्यात अर्थ नाही. नगर जिल्ह्यात कुठल्याही तालुक्याच्या बाजारात उभं राहून "ओ भाऊसाहेब" अशी हाक मारली की निदान दोघं मागं वळून बघतात, आणि त्यातला एक हल्ली हेल्मेटला लावायचा इंटरकॉम बघत असतो. आमचे भाऊसाहेब त्यातलेच. मार्केट यार्डाजवळ कृषी सेवा केंद्र, वय पन्नाशीच्या अलीकडं, अंगानं भरलेले, गाडी हिमालयन. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा त्यांचे तीन उन्हाळे बघण्यात गेले. सोलर हीटर बघून होईपर्यंत थोरल्या मुलीचं लग्न होऊन ती सासरी आंघोळ करायला लागली होती. आता इंटरकॉमची पाळी आहे.

माणूस निर्णय घेत नाही असं म्हणावं तर दुकानात जाऊन बघा. पारनेरकडचा एखादा शेतकरी काउंटरवर हात टेकून उभा राहतो. "भाऊसाहेब, यंदा कांद्याचं बी कंचं नेऊ?" त्याचं वर्षाचं गणित त्या पिशवीवर असतं. भाऊसाहेब मोबाइलमधून मान वर न काढता मागं बोट दाखवतात. "ते निळं पाकीट न्या. मागच्या साली लोकांनी नेलं, तक्रार नाही." झालं. अर्ध्या मिनिटात एकरांचा निकाल. आणि मोबाइलमध्ये काय, तर दोन इंटरकॉम शेजारीशेजारी ठेवून कोणाची बॅटरी तासभर जास्त चालते याचा अभ्यास.

या अभ्यासाची एक वहीसुद्धा आहे. दुकानाची उधारी लिहितात तसली, लाल कापडी पाठीची खतावणी. जमा-नावेच्या रकान्यांवर काट मारून भाऊसाहेबांनी स्वतःच्या हातानं मथळे घातलेत: रेंज, बॅटरी, मेश, पाणी, माइक, स्पीकर, वॉरंटी, सर्व्हिस सेंटर कुठं. सर्व्हिस सेंटरच्या रकान्यात "नगरला नाही" हे वाक्य वरून खालपर्यंत एका रेषेत उतरलेलं आहे. शेवटचा रकाना आहे "घरचं मत". तो कोरा आहे.

मेश म्हणजे काय हे मला भाऊसाहेबांनी कल्याण रस्त्यावर, भाळवणीच्या पुढच्या एका टपरीवर समजावलं. रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण माळशेजच्या दिशेनं निघतो, आणि बहुतेक वेळा टाकळी ढोकेश्वरच्या अलीकडंच चहाला थांबतो. त्या दिवशी चहा आला तसे भाऊसाहेबांनी सगळे ग्लास ताब्यात घेतले आणि बाकड्यावर एका ओळीत मांडले.

"हे ब्लूटूथ. ह्यो ह्याच्याशी बोलतो, ह्यो त्याच्याशी. साखळी. चौघांपर्यंत ठीक. आता ह्यो मधला लघवीला थांबला." त्यांनी माझा ग्लास उचलून बाकड्याखाली ठेवला. "तुटली साखळी! पुढचा एकटा ओरडतोय, मागचा एकटा ओरडतोय."

मग ग्लासांचं रिंगण झालं. "ही मेश. इथं प्रत्येक जण प्रत्येकाशी जोडलेला. एक गेला तर बाकीचे आपोआप दुसऱ्या वाटेनं बोलतात. गेलेला परत आला की आपोआप आत." कार्डो कंपनीच्या मेशमध्ये पंधरा माणसं बसतात, सेना कंपनीच्या ग्रुप मेशमध्ये चोवीस, हेही त्यांनी सांगितलं. आमच्यात सगळे मिळून पाच, आणि त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, हे कोणी काढलं नाही. माझा ग्लास मेशमध्ये परत आला तेव्हा चहा गार झाला होता.

या धंद्याची अंदरकी बात सांगायची तर ती अशी: कार्डो ही इस्रायलची कंपनी, सेना कोरियाची, आणि आपल्याकडं बेंगळुरूची ब्लूआर्मर. शिवाय दीड-दोन हजारांपासून मिळणारा चिनी माल वेगळा. वरच्या टोकाला मात्र एका हेल्मेटमागं तीस-पस्तीस हजार सहज जातात. पैसे टाकले म्हणजे संपलं असंही नाही. साध्या ब्लूटूथच्या मांडवात या कंपन्या एकमेकींना रामराम करतात, पण स्वतःच्या मेशमध्ये दुसरीला घेत नाहीत. नगर जिल्ह्याच्या राजकारणात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. म्हणून खरा प्रश्न कोणता इंटरकॉम चांगला हा नसतोच. तुमच्या टोळीतल्या बाकीच्यांकडं कोणता आहे, हा असतो. आमच्या टोळीत कोणाकडंच नाही. सगळे भाऊसाहेब घेतील तो घेणार म्हणून थांबलेत.

"एवढ्याची गरज काय?" असं भाऊसाहेबांना विचारायची सोय नाही. विचारणाऱ्याला ते रणगाड्यांच्या संग्रहालयात नेतात. आपलं नगर म्हणजे फौजेच्या आर्मर्ड कोअरचं गाव, इथं रणगाडे बघायला पाहुणे येतात. भाऊसाहेब एका भल्यामोठ्या रणगाड्यासमोर उभे राहून सांगतात, "ह्याच्या आत माणसं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसतात. तरी कानाला हेडफोन लावून इंटरकॉमवर बोलतात. का? इंजिनाच्या आवाजात शेजारच्याचं ऐकू येत नाही. फौज येडी आहे का?" एकदा वहिनी बरोबर होत्या. त्यांनी रणगाड्याला खालून वरून बघितलं आणि म्हणाल्या, "मग ह्योच घ्या की. मागं बसायला जागा तरी ऐसपैस मिळंल."

वहिनींचं इंटरकॉमविषयीचं धोरण पहिल्यापासून एकच आहे, आणि ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. भाऊसाहेबांच्या वडिलांकडं लूना होती. नगरच्याच कारखान्यातली, कायनेटिकची. 1972 साली ती बाजारात आली आणि पुढं अख्ख्या देशाच्या मध्यमवर्गानं तिच्यावरून किराणा वाहिला. पन्नास सीसीचं इंजिन. भाऊसाहेबांच्या आई मागं बसून केडगावपासून भिंगारपर्यंत बोलत येत, आणि वडिलांना शब्दन्‌शब्द ऐकू येई. वडील त्या काळातले असल्यामुळं उत्तर देत नसत, एवढंच. तेव्हा वाऱ्याचा आवाज गाळणारं यंत्र लागलं नाही, कारण त्या वेगाला वाराच लागत नव्हता. भाऊसाहेबांची गाडी मोठी, वेग मोठा, हेल्मेट आलं, आणि घरातला हा संवाद बंद पडला. तो चालू करणं हे आपलं कर्तव्य आहे असं भाऊसाहेब मानतात.

वहिनींना मात्र तो बंद पडल्याचं कधी जाणवलेलं नाही. त्यांची स्वतःची यंत्रणा आहे. खांद्यावर एक टिचकी म्हणजे हळू. दोन म्हणजे रसवंती दिसली, थांबा. पाठीत बोटाचं पेर रुतवलं म्हणजे मघाचा स्पीडब्रेकर तुम्हाला दिसला नव्हता काय. आणि कमरेला चिमटा म्हणजे कोणाच्या तरी गाडीला कट मारायचा विचार तुमच्या मनात आला तो मला कळला. या यंत्रणेला चार्जिंग लागत नाही, पावसात ती बंद पडत नाही, आणि रेंज अगदी अचूक आहे. "मला बोलायचं असलं की मी गाडी थांबवते," वहिनी सांगतात, "आणि बोलायचं नसलं की हेल्मेट घालते."

गेल्या हिवाळ्यात एकदाची प्रत्यक्ष चाचणी झाली. भाऊसाहेबांनी पुण्याच्या मित्राकडून दोन सेट हेल्मेटांसकट उसने आणले. एक स्वतःच्या डोक्यावर, एक माझ्या. वहिनी मागं, साध्या हेल्मेटमध्ये. नगरहून लोणी, संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याला जायचं ठरलं. निघताना दोन्ही हेल्मेटांवर निळे-लाल दिवे लुकलुकले, कानात एक परदेशी बाई इंग्रजीत काहीतरी बोलली, आणि मग भाऊसाहेबांचा आवाज आला.

"येतोय का?"

"येतोय."

"आता?"

संगमनेरपर्यंत हाच संवाद. मी पुढं, ते मागं. मधलं अंतर वाढवत वाढवत विचारायचे. मोकळ्या रस्त्याला आवाज लांबपर्यंत स्वच्छ आला. खोक्यावर मैलभर रेंज लिहिलेली असते ती अशाच उघड्या रानात मोजलेली. राजूरच्या पुढं डोंगर आणि वळणं सुरू झाली तशी मध्ये नुसती खरखर. इंटरकॉमला मोबाइलचं टॉवर लागत नाही, हे त्याचं मोठेपण. रतनवाडीकडं फोनचे दांडे गळाले तरी तो चालतो. पण मध्ये डोंगर आला की त्याचंही तेच होतं. भाऊसाहेबांनी हे शेंडी गावात गाडी लावून वहीत लिहिलं. समोर 1926 सालचं विल्सन धरण, मागं सह्याद्री, आणि हा माणूस दोन्हींकडं पाठ करून "वळणावर रेंज: कमी" असं लिहितोय.

खरी गंमत त्याआधी, अकोल्याच्या पुढं झाली होती. भाऊसाहेब माइक चालू आहे हे विसरले. मला ऐकू आलं ते असं: "हो." मग जरा वेळ शांतता. "हो गं." शांतता. "अगं लक्षात आहे." बरीच मोठी शांतता. "मी कुठं तसं म्हणलो?" वहिनी मागून बोलत होत्या हे उघड होतं, आणि इतक्या जोरात की टिचक्यांचं काम उरलं नव्हतं, पण माझ्या कानात त्यांचा एक शब्द आला नाही. माइकनं भाऊसाहेबांचा आवाज तेवढा घेतला आणि बाकी सगळं वाऱ्याबरोबर गाळून टाकलं. मी हे त्यांना सांगितल्यावर लाजायचं सोडून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी वही मागवली आणि लिहिलं, "नॉइज कॅन्सलेशन: फार उत्तम."

परतताना अंधार पडला. दिवस गळिताचे होते. 1950 साली प्रवरानगरचा साखर कारखाना सुरू झाला तेव्हापासून या रस्त्यांना हिवाळ्यात ऊस असतोच, आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागं जोडून ट्रॅक्टर जातात, ज्यांना मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. लोणीच्या अलीकडं तशीच एक जोडी अचानक माझ्या उजेडात आली. मी म्हणालो, "भाऊसाहेब, पुढं ट्रॉली आहे. बिनलाइटची. हळू घ्या." त्यांनी वेग कमी केला आणि ते सुखरूप पुढं आले. दिवसभरात त्या यंत्रावरून बोललं गेलेलं हे एकमेव कामाचं वाक्य. माझ्या मते एवढ्या एका वाक्यासाठी इंटरकॉम घ्यावा. भाऊसाहेबांचं उत्तर आलं, "किती मीटरवरनं बोललात?"

आता तुम्ही म्हणाल, एवढं पटलं तर घेत का नाहीत? तर अडचण हेल्मेटची आहे. इंटरकॉमचे स्पीकर बसायला हेल्मेटच्या आत कानाशी खोलगट जागा लागते. ती नसली तर तासाभरात कानाची पाळी दुखायला लागते. फुलफेसला तारेचा माइक, उघडणाऱ्या जबड्याच्या हेल्मेटला दांडीचा. तेव्हा आधी हेल्मेट ठरायला पाहिजे. पण भाऊसाहेबांचं म्हणणं, कोणता इंटरकॉम घेणार हे ठरल्याशिवाय हेल्मेट कसं ठरवायचं? या पेचात ते अजून रस्त्याकडेला घेतलेलं अर्धं हेल्मेट घालून फिरतात. त्याचं बक्कल तुटलंय, तिथं सुतळी बांधली आहे. पस्तीस हजारांचं यंत्र जिथं बसायचं त्या डोक्यावर आज शिक्का नसलेली टोपी आहे. आयएसआय शिक्का नसलेलं हेल्मेट विकायला 1 जून 2021 पासून बंदी आहे, हे भाऊसाहेबांना तोंडपाठ आहे. आयएस 4151 हा त्या मानकाचा क्रमांकही ते सांगतात. सांगताना सुतळीची गाठ हनुवटीखाली नीट करतात.

भाच्यानं मध्यंतरी रात्री अंथरुणात पडल्यापडल्या एक चिनी सेट मागवला, चौथ्या दिवशी लावला, आणि आता बायकोशी बोलत शिर्डीला जाऊन येतो. भाऊसाहेब त्याच्याकडं दयेनं बघतात. "घाई केली पोरानं. दिवाळीला नवीन मॉडेल येतंय." कोणत्या दिवाळीला ते त्यांनी सांगितलेलं नाही. खतावणी भरत आली आहे. दुसरी आणून ठेवली आहे.

वाचकांपैकी कोणी या फंदात पडणार असेल तर एवढंच ऐका. आधी शिक्क्याचं, डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट घ्या, मागं बसणाऱ्यासाठीही घ्या, कायद्यानं ते दोघांनाही लागतं. नवरा-बायको दोघंच असाल तर साधं ब्लूटूथ भरपूर झालं. टोळीनं फिरत असाल तर टोळीत आहे तीच कंपनी. आवाज इतकाच ठेवा की मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईल. याहून जास्त माहिती पाहिजे असली तर मार्केट यार्डात भाऊसाहेबांकडं जा, ते आनंदानं सांगतील. फक्त दुकान बंद व्हायच्या वेळेला जाऊ नका, आणि जाताना खिशात खताची चिठ्ठी ठेवा. ती पुढं केली की ते अर्ध्या मिनिटात तुम्हाला मोकळं करतात.