बॅगवालं कॉलेज

"काय वं वैनी, काल दारात पांढरी गाडी कुणाची होती? आमच्या म्हाताऱ्याला वाटलं, पोरगी पाहायला पाहुणे आले."

"कशाचे पाहुणे वं काकू! कॉलेजवाले होते, संभाजीनगरचे. इंजिनिअरिंगचे. पोरीचा नंबर कुठून मिळाला कुणास ठाऊक. आल्या आल्या बॅग दिली. बस दारातून नेईल म्हणे, फी एक रुपया नाही, नोकरी शंभर टक्के."

"आन् तू पोहे केले."

"शिरा केला. साखर जास्तच पडली."

सीईटीचे निकाल लागले की देवगावात अशा गाड्या अद्रकीच्या व्यापाऱ्यांसारख्या फिरतात, उभं पीक पाहून बोली लावत. मी ओट्यावर पेपर उघडून बसलो होतो, वाचत मात्र नव्हतो.

"एक रुपया नाही म्हंजे, कोणत्या सीटवर?" काकूंनी कुंपणावर हात टेकले.

"सीट म्हंजे सीटच ना?"

"अवं, दोन असतात. एक कॅपची, सरकारच्या यादीतनं मिळती ती. दुसरी मॅनेजमेंटची. माफी पहिलीला. माझ्या बहिणीच्या पोरीला असंच गोड बोलून मॅनेजमेंटला बसवलं. मधीच पत्र आलं, सगळी फी भरा. दाजींनी दोन गायी बाजारात काढल्या."

काकू सातवी शिकलेल्या, पण बोलण्यात खोट नव्हती. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्याआधी निम्मं होतं. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. खोलीचं भाडं, मेस, डेव्हलपमेंट फी यांचं त्यात नाव नाही. गाडीवाल्याच्या 'एक रुपया नाही'मध्ये हे कुठे बसतं, ते त्यालाच ठाऊक.

"ह्यांचं म्हणणं, गावातच कॉलेज आहे, तिथंच घाल. खर्च नाही, पोरगी डोळ्यासमोर."

"वाईट काय त्यात? डिग्रीवर बाबासाहेबांच्या विद्यापीठाचंच नाव येतंय, देवगावात शिका नाहीतर शहरात. पण तिला काय शिकायचंय?"

"कॉम्प्युटर."

"मग? स्वस्त पडतं म्हणून नको ते घेतलं तर तीन वर्षं गेलीच की पाण्यात. ती पोरगी कुठं परत मिळती त्या वयाची?"

"बीसीए केलं असतं, पण त्यालाही आता वेगळी सीईटी लागली. ती दिलीच नाही हिनं."

"उस्मानपुऱ्यातलं सरकारी बघ की."

शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, 1960 सालचं. आमच्या पिढीला एसटीच्या खिडकीतून त्याची नुसती भिंत माहीत. वहिनी म्हणाल्या, एवढे पर्सेंटाइल आहेत का कुणास ठाऊक.

"ते यादीवर ठरंल, तू नको ठरवू. आन् कुठलंही बघ, नोकरीचं गाडीवाल्याला नको विचारू. मागल्या वर्षी तिथनं पास झालेलं पोरगं गाठ. कॉलेजात जायचं तर ते बोलवतील त्या दिवशी नाही जायचं. कुठल्या तरी मंगळवारी भर दुपारी जायचं. मास्तर वर्गात हाये का चहाच्या टपरीवर, ते दिसतं."

(हा सल्ला मला एखाद्या प्राचार्यांच्या भाषणात ऐकायला आवडेल.)

"फॉर्म भरलास का पण?"

"त्यांनीच भरला. लॅपटॉप आणला होता संगं. पैसे नाही घेतले."

काकू गप्प झाल्या. काकू गप्प होणं ही गल्लीत बातमी असते, म्हणून मी पेपर खाली ठेवला.

"वहिनी, त्यात पहिलं नाव कोणत्या कॉलेजचं टाकलं?"

"त्यांचंच असेल. का वो भाऊजी?"

"पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की ऑटोफ्रीझ. मग पुढच्या फेऱ्या तिच्यासाठी बंद. सरकारी कॉलेज पाचव्या नंबरावर टाकलं असेल, तर तिथं तिचा नंबर लागत असूनही यंत्र तिथवर जाणारच नाही."

"आगं बाई!"

"फॉर्म कन्फर्म केला का?"

"उद्या करतो म्हणाला. पासवर्डबी त्यानंच लिहून नेला."

"ओटीपी कुणाच्या मोबाइलवर आला?"

"ह्यांच्या."

"मग अजून गेलं नाही काही," काकू म्हणाल्या. "हाक मार पोरीला. आधी पासवर्ड बदल म्हणावं."

हाक मारावी लागली नाही. आतूनच आवाज आला.

"रात्रीच बदलला, आई. सरकारी वर घेतलं. बॅगवालं सातवं आहे."

"सातवं तरी कशाला ठेवलं वं?" काकू कुंपणावरूनच ओरडल्या.

"वरचं कुठलंच नाही मिळालं तर? कॅपमधून मिळालं तर तिथेही फी माफच आहे, काकू."

काकूंनी जरा विचार केला. "व्हय," त्या वहिनींना म्हणाल्या, "पण खोलीचं भाडं विचार हां तिथलं."