चाकांचे आवर्तन

मोटार बाळगणाऱ्या सेवानिवृत्त गृहस्थांत एक पंथ असा आहे की, त्यास मोटार चालविण्यापेक्षा ती जॅकवर चढवून तिच्याखाली डोकावण्यात अधिक आनंद वाटतो. या पंथीयाची मोटार आठवड्यातून एकदा मंडईपर्यंत जाते, आणि उरलेले सहा दिवस ती पुन्हा मंडईपर्यंत जाण्यास लायक आहे किंवा कसे, याची फेरतपासणी चालते. आमच्या पुण्यातील इमारतीत राहणारे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले दादासाहेब हे या पंथाचे मठाधिपती होत.

त्यांच्या आयुष्यात हवेवर चालणाऱ्या पान्याने, ज्याला टायरवाले नुसते ‘गन’ म्हणतात, प्रवेश केला तो एका अपमानातून. कुठल्याशा टायरवाल्याच्या पोराने गनने आवळून ठेवलेला चाकाचा एक नट सोडविण्यासाठी दादासाहेब दोन्ही पाय देऊन टॉमीवर उभे राहिले. नट जागचा हलला नाही, टॉमी मात्र निसटली, आणि नडगीला हळद लावून घेता घेता त्यांनी प्रतिज्ञा केली की, यापुढे आपल्या चाकांना परक्याचा हात लागावयाचा नाही.

दुसऱ्या कोणी दुकानात जाऊन पाना आणला असता. दादासाहेबांनी नस्ती उघडली. मृगापासून हस्तापर्यंत ही मसलत चालली होती. अर्धा इंची चौकाचाच पाना हवा, हे पहिल्याच टिपणीत मंजूर झाले, परंतु खोक्यावर ठळक छापलेला ६५० न्यूटन-मीटर हा आकडा पाहून मी थक्क झालो तेव्हा ते सौम्यपणे म्हणाले, “अहो, हा महापुराचा विसर्ग आहे. रोज नदीला एवढे पाणी नसते. आपल्या छोट्या गाडीच्या नटाला शंभराच्या आसपास जोर पुरे. जास्तीचा जोर फक्त गंजलेल्याची रग जिरवण्यापुरता.”

त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की, हा मनुष्य पाना घेत नसून धरण बांधीत आहे. कॉम्प्रेसरची टाकी हा त्यांचा जलाशय, मोटर ही आवक, पाना हे लाभक्षेत्र. आणि हवेचे माप मिनिटाला घनफुटांत सांगतात हे कळल्यावर तर, क्यूसेकचा हा धाकटा भाऊ पाहून त्यांना गहिवरून आले. पाव इंची नळी त्यांनी ‘वहनव्यय फार’ असा शेरा मारून नामंजूर केली व तीन अष्टमांश इंची घेतली. चोवीस लिटरच्या टाकीतील दाब ८ बारवरून पान्याला लागणाऱ्या ६ बारवर उतरेपर्यंत मोकळी हवा मिळते ती उणीपुरी ४८ लिटर, म्हणजे दोन घनफूटही नव्हे, हा हिशेब त्यांनी मला जिन्यात उभे करून दोनदा समजावून सांगितला. सलग कळ दाबली तर काही सेकंदांत साठा संपणार. सबब एका वेळी एकच नट, आणि मग पुढील पाणीपाळीपर्यंत थांबणे. हल्ली बॅटरीवरचे पाने मिळतात, त्यांना टाकीही लागत नाही आणि नळीही नाही, असे मी सुचवून पाहिले. “ते बादलीने शेंदणे झाले,” ते म्हणाले, आणि माझी दरखास्त दप्तरी दाखल झाली.

खंडेनवमीस, झेंडूची माळ घातलेल्या कॉम्प्रेसरसमोर, डोळ्यांवर चष्मा व कानांत कापसाचे बोळे घालून दादासाहेब बसले. पान्यात तेलाचे थेंब सोडले, हातपान्याच्या चकचकीत गोट्या घावाखाली तडकतात म्हणून मुद्दाम आणलेली काळी, जाड, एकोणीस नंबरची गोटी चढविली, आणि कळ दाबली. आतली हातोडी गरगरत ऐरणीवर घाव घालते, त्यामुळे हिसका मनगटास न बसता नटास बसतो, हे त्यांचे प्रवचन त्या खडखडाटात कोणाला ऐकू गेले नाही. पण नडगीचा तो वैरी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सुटला, आणि खिडक्याखिडक्यांतून टाळ्या वाजल्या.

विजयाच्या त्या कैफात त्यांनी नट आवळलाही गननेच. तो तिरका बसला होता, हे बोटांना कळले असते. गनला कळण्याचे कारण नव्हते. आटे गेले. आठ दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी ठरावीक जोर होताच ‘कट्’ असा आवाज करणारा टॉर्क रेंच घरात आला, आणि तेव्हापासून नट बोटांनी लावावयाचे, समोरासमोरचे आळीपाळीने आवळावयाचे व शेवट या पान्याने करावयाचा, असा हुकूम भिंतीवर चिकटला आहे. गन फक्त सोडण्यासाठी. दर कामानंतर टाकीच्या तळाची तोटी उघडून ते आत साचलेले पाणी सोडतात. पावसाळ्यात ते अधिक निघते. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते पाणी आता हवेतून, न मागता येते, आणि दादासाहेब त्याचीही नोंद रोजनाम्यात करतात.

एवढे झाले, आणि मग त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. पुढची चाके मागे व मागची पुढे करण्याचे, त्यांच्या भाषेत आवर्तनाचे, काम दहा हजार किलोमीटरनंतर करावयाचे असते. त्यांची गाडी मंडई धरून वर्षाकाठी दोन हजार चालते. पुढील आवर्तन पाच वर्षांनी. जलाशय भरलेला, आणि लाभक्षेत्र कोरडे.

तेव्हापासून दादासाहेब इमारतीतील इतर गाड्यांभोवती रेंगाळतात. पहिल्या मजल्यावरच्यांनी आपली गाडी रस्त्यावर उभी करण्यास सुरुवात केली आहे. काल सकाळी त्यांनी माझी घंटा वाजविली आणि, खडकवासल्यातून पाणी सोडण्यापूर्वी नदीकाठास द्यावा तशा गंभीर स्वरात, इशारा दिला, “आपल्या मागच्या डाव्या चाकात काहीतरी असावे. काढून पाहिलेले बरे.”

चाक ठणठणीत होते. परवाच मी हवा भरून घेतली होती. पण त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ठेवलेला होता, आणि खिशातून काळी गोटी डोकावत होती. मी किल्ली दिली. दार लावतो न लावतो तोच खालून एक खडखडाट ऐकू आला, मग दुसरा, मग तिसरा. आणि पाठोपाठ मोटर धडधडू लागली. साठा संपला होता.