शांतता, मोठ्या आवाजात

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी हिवाळ्यात शांतता ऐकायला माणसं गाड्या भरभरून येतात. करमाळ्याकडचं केत्तूर असो की पलीकडचं कुंभारगाव, होडीत बसलं की जो तो दुसऱ्याला ‘श्शू’ करतो आणि त्या श्शूनेच निम्मे पक्षी उडतात. उरलेले उडतात ते ‘दादा, उडवा की जरा, पंख यायला हवेत फोटोत’ या फर्माइशीवर. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब काठच्या गवतावर चरत असतात. तोफेएवढी लेन्स पाहून त्यांना परतीचे वेध लागत असावेत.

पाहुण्यांना हा ‘अस्सल निसर्ग’ फार भावतो. धरण १९८० साली पुरं झालं, त्याआधी इथे भीमाकाठची नांदती गावं होती, हे कोण विचारतो? पळसदेवचं जुनं देऊळ तेवढं पाणी ओसरलं की डोकं वर काढतं. उघड्या पडलेल्या गाळात गावकरी गाळपेर करतात, तर कॅमेरेवाल्यांची कुरकुर: ही माणसं मध्येच कशाला? ज्यांची घरं पाण्याखाली गेली त्यांनीच आता फ्रेमबाहेरही व्हायचं. फ्लेमिंगो यावर काही बोलत नाहीत, मान खाली घालून चिखल गाळत राहतात. पुनर्वसनाच्या फायलीपुढचे साहेबही असेच बसतात.